परदेशी निघालात? आधी गोळ्यांची पिशवी दाखवा

उमराहला निघालेले, दुबईत मुलाकडे चाललेले, सिंगापूरची सहल ठरवलेले असे पेशंट जालन्यात आता नवे नाहीत. मागणी एकच असते: "डॉक्टर, तिकडं दवाखाना लई महाग म्हणतात, दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्या." मागणी रास्त आहे. पण आपण त्या गोळ्या ज्या पद्धतीनं नेतो, ती घातक आहे.

"औषधच आहे, नशा थोडीच?" हा युक्तिवाद विमानतळावर चालत नाही. कंबरदुखीसाठीचं ट्रॅमाडॉल, खोकल्याचं कोडीन असलेलं सिरप, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम, मधुमेहात तळपाय जळजळतात म्हणून दिलं जाणारं प्रिगॅबालिन ही औषधं आखाती देशांत नियंत्रित आहेत. 2017 साली एका ब्रिटिश बाईनं जोडीदाराच्या पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉलच्या 290 गोळ्या इजिप्तला नेल्या. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली. "मला माहीत नव्हतं," हे तीही म्हणाली होती.

औषधांचं सोडा, अनारशाला लावायची खसखस घ्या. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते. पण ती अफूच्या बोंडातली, म्हणून यूएई आणि सौदीत तिला बंदी आहे. सिंगापूरमध्ये तंबाखूची पुडी आणि ई-सिगारेट दोन्ही चालत नाहीत. (गुटखा तर महाराष्ट्रातही 2012 पासून बंद आहे, पण ते आपण मनावर घेतलेलं नाही.)

आणि दुसऱ्याचं पार्सल? मुंबईचं एक जोडपं 2019 मध्ये कतारला गेलं. सहल नातेवाईक बाईनं भेट दिलेली, सोबत एक पाकीट, "जर्दा आहे" म्हणून. आत सुमारे चार किलो चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली, मुलगी तुरुंगात जन्मली. निर्दोष ठरून परत यायला 2021 उजाडलं.

यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे, तो मी झाकणार नाही. आम्ही चिठ्ठीवर नुसतं ब्रँडचं नाव खरडतो, तेही "मावशी" किंवा "काका" असं लिहून. तिकडच्या अधिकाऱ्यानं ते कसं वाचावं? मेडिकलवाला पत्ता कात्रीनं कापून कागदी पुडीत देतो, त्यावर ना नाव, ना तारीख. ट्रॅव्हल एजंट व्हिसा, हॉटेल, जेवण सगळं सांगतो, औषधांबद्दल चकार शब्द काढत नाही.

म्हणून भांडा आमच्याशी. पासपोर्टवरचंच नाव, औषधाचं मूळ नाव, आजार, डोस आणि दिवस इंग्रजीत, शिक्क्यासह लिहून मागा. अख्खे पत्ते, बिलासकट, हातातल्या बॅगेत ठेवा. यूएई, सौदी आणि सिंगापूरला नियंत्रित औषधांसाठी आधी ऑनलाइन परवानगी काढता येते. त्याला वेळ लागतो. कित्येकदा त्याच आजाराला दुसरं, बिनअडचणीचं औषध देता येतं, पण ते बदलून अंगाला मानवतंय का हे पाहायला दोन-तीन आठवडे हवेत. तेव्हा तिकीट काढल्याबरोबर या, गाडी दारात उभी करून नको.