एका बोटाचा टंकलेखक

मंडळी, दरवर्षी दिवाळी अंकात आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांची फजिती सांगतो. यंदा घरचीच सांगतो.

१९७४ साली मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा आम्ही पहिल्याच झटक्याला पास झालो. पुढे उभी हयात कचेरीत तोच कळफलक. संगणक आला तरी आम्ही कळांची मांडणी जुनीच ठेवली. अशा माणसाला मोबाईलवर लिहिणे म्हणजे डाव्या हातचा मळ, नाही का?

आणि पहिल्याच शब्दाला आपटलो! शब्द होता ‘किती’. टंकयंत्रावर पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग ‘क’. हाताला तीच सवय. मोबाईलवर आधी वेलांटी दाबली, तर ती एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लोंबकळत राहिली. नात म्हणाली, “आजोबा, दिसतं तसं नाही, बोलता तसं लिहायचं. आधी क, मग वेलांटी.” जोडाक्षरांची तीच तऱ्हा. यंत्रावर अर्ध्या अक्षराला निराळी कळ. इथे अक्षर पुरते लिहायचे, त्याचा पाय मोडायचा आणि मग पुढचे अक्षर जोडायचे. दहा बोटांचा टंकलेखक एका बोटावर आला.

आमच्या सौ.ला मात्र विसरायचे काहीच नव्हते. तिने टंकयंत्राला उभ्या जन्मात हात लावला नाही. तिच्या थोरल्या बहिणीला, चिपळूणच्या ताईंना, निरोप लिहायचे काम माझे. मी ते झोकात करी. गेल्या वर्षी भावोजी गेले, तेव्हा तर माझ्या सांत्वनाच्या भाषेला बहर आला होता. ताईंचे उत्तर येई: ‘सर्व ठीक आहे.’

श्रावणात एके दिवशी सौ. नातीपुढे मोबाईल घेऊन बसली. “मला शिकव.” एक शब्द लिहायला तिला पाच मिनिटे लागत. एका अक्षराला बोट लावावे, तर शेजारचे उमटे. आम्हा सगळ्यांना ते बघवेना. मुलगा म्हणे, “आई, आण इकडे, मी लिहून देतो.” सूनबाई म्हणे, “त्यात बोललं की आपोआप लिहिलं जातं, आई.” त्यावर सौ. म्हणाली, “अगं, आपल्या दोन खोल्या. मी ताईशी बोलायचं आणि सगळ्या घरानं ऐकायचं?”

एका रात्री मला जाग आली. पांघरुणात उजेड दिसत होता. सौ. एका बोटाने अक्षर शोधत होती. मी डोळे मिटून घेतले.

सकाळी म्हणाली, “अहो, मी आठ दिवस चिपळूणला जाऊन येते.” आणि गेलीसुद्धा. परत आल्यावर एवढेच बोलली, “भावोजी गेल्यापासून ताई कुणाजवळ रडलीच नव्हती. तुमच्या त्या भाषेपुढे ती कशी रडणार? मी तिला लिहिलं, तुला जेवन जातं का. तिनं रात्रभर उत्तरं लिहिली.”

‘जेवन’! परीक्षेत या ‘न’ला गुण कापले असते. पण ताईंना त्यातच धाकटी बहीण दिसली. माझी भाषा शुद्ध होती, तिच्यात सौ. नव्हती.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत तुमच्या घरातले कुणी वडीलधारे मोबाईलशी झटत असेल, तर एवढे करा. अक्षरे मोठी करून द्या. चुकलेले पुसायचे कसे, ते सगळ्यात आधी शिकवा; भीती निम्मी जाते. कळा सापडत नसतील, तर काचेवर बोटाने अक्षर गिरवून लिहायची सोय दाखवा. धूळपाटीसारखी ती चटकन जमते. रोज एकच गोष्ट सांगा आणि उद्या तीच पुन्हा सांगायची तयारी ठेवा. पण मोबाईल हातातून ओढून घेऊ नका. काम लवकर होईल, पण त्या माणसाचे बोलणे त्याच्यापाशीच राहील.

सौ. या क्षणी पलीकडे बसून ताईंना फराळाविषयी काही लिहिते आहे. ‘चकली’ला पहिली वेलांटी दिलेली मला इथून दिसते आहे. मी बोललेलो नाही. निदान अजून तरी नाही.