वांगणीला, वांगणीत आणि स्टेशनवर

मराठी विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्यांची इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत बरेचदा धांदल उडते ती 'इन', 'ऑन' आणि 'अ‍ॅट' या तीन लहानशा शब्दांपाशी. या शब्दांना नियम नाहीत, ते पाठच करावेत, असे त्यांना सांगितले जाते. माझे मत याहून वेगळे आहे. या शब्दांची निवड समजून घेण्याची वाट मराठीतूनच जाते.

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर बदलापूरनंतर वांगणी हे स्थानक लागते. 'गाडी वांगणीला थांबते' असे आपण म्हणतो आणि 'वांगणीत पाऊस पडला' असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात वांगणी हा मार्गावरील केवळ एक बिंदू आहे. दुसऱ्यात ते घरे, रस्ते आणि सीमा असलेले गाव आहे. इंग्रजी पहिल्या ठिकाणी 'अ‍ॅट' आणि दुसऱ्या ठिकाणी 'इन' योजते, ते याच भेदामुळे. म्हणजे हा भेद आपल्याला परका नाही. केवळ आपण तो जाणीवपूर्वक पाहिलेला नसतो.

दोन्ही भाषांची वाट वेगळी होते ती 'स्टेशनवर' या शब्दापाशी. मराठीतील 'वर' केवळ पृष्ठभाग दाखवीत नाही. नाक्यावर, पाणवठ्यावर, शेतावर, कामावर या रूपांत ते माणसांच्या जाण्यायेण्याचे, प्रयोजनाचे स्थळ दाखवते. 'ती विहिरीवर गेली' आणि 'ती विहिरीत गेली' या वाक्यांत अंतर आहे ते जीवनमरणाचे. इंग्रजीतील 'ऑन' हा प्रयोजनाचा भार सहसा वाहत नाही. तेथे स्टेशनसाठी 'अ‍ॅट' येतो. फलाटाला मात्र पृष्ठभाग आहे, म्हणून त्याच्यासाठी 'ऑन'. तेव्हा 'ऑन द स्टेशन' लिहिणारा विद्यार्थी अडाणी नसतो. तो मराठीच्या दृष्टीने स्थळाकडे पाहत असतो.

याच स्थानकातील एक प्रसंग आठवावा. 17 एप्रिल 2021 रोजी दृष्टिहीन आईसोबत चालणारे एक मूल फलाटावरून रुळावर पडले. समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वाचवले. 'मूल रुळावर पडले' आणि 'मूल रुळावर होते' या दोन्ही वाक्यांत मराठीला एकच 'वर' पुरतो. हालचाल आहे की स्थिती, हे क्रियापद सांगते. इंग्रजीत पहिल्यासाठी 'ऑन्टू' आणि दुसऱ्यासाठी 'ऑन' असा भेद करता येतो. आपल्या 'फलाटावरून' या एका शब्दाचे काम तेथे 'ऑफ' करतो.

म्हणूनच 'त म्हणजे इन, वर म्हणजे ऑन' अशा जोड्यांची कोष्टके अभ्यासातून वगळावीत, असे मला ठामपणे वाटते. दोष मराठी व्याकरणाच्या अध्यापनाकडेही जातो. 'ला' आणि 'त' विभक्तिप्रत्ययांत शिकवले जातात, 'वर' शब्दयोगी अव्ययांत. रूपाच्या दृष्टीने ही विभागणी योग्य आहे. परंतु स्थळाचे संबंध दाखवणारी ही तिन्ही साधने शेजारी ठेवून पाहण्याची संधी विद्यार्थ्याला मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल की, काही गोष्टी शेवटी रूढीच ठरवते. ते खरे आहे. इंग्रजीत आगगाडीसाठी 'ऑन' आणि मोटारीसाठी 'इन' येतो. आपण मात्र दोन्हींसाठी 'गाडीत' म्हणतो. असे प्रयोग लक्षात ठेवावे लागतातच. पण जे थोडे पाठ करायचे त्यासाठी जे पुष्कळ समजण्याजोगे आहे तेही पाठांतरावर सोपवावे, हे योग्य नव्हे.

आपल्या रोजच्या बोलण्यातील स्थळवाचक दहा वाक्ये वहीत लिहा. प्रत्येक वाक्यातील स्थळ बिंदू आहे, पृष्ठभाग आहे, अवकाश आहे की प्रयोजनाचे ठिकाण आहे, हे आधी ठरवा. इंग्रजी शब्द त्यानंतर शोधा. इंग्रजीतील चुका कमी होतीलच. शिवाय आपली भाषा किती बारकाईने पाहते, हेही ध्यानात येईल.