चट्टा ओळखता येतो का?

३० जानेवारीचा कुष्ठरोग निवारण दिन जवळ आला की जनजागृतीच्या सर्वेक्षणांवरचे लेख आमच्याकडे येऊ लागतात. बहुतेक प्रश्नावल्यांची सुरुवात ठरलेली असते: 'कुष्ठरोगाबद्दल ऐकले आहे का?', 'तो बरा होतो का?' गावच्या आशाताई शेजारी उभ्या असताना 'नाही' कोण म्हणेल? माणूस हो म्हणून मोकळा होतो आणि त्या होकाराची टक्केवारी छापली जाते.

दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशाने डिसेंबर २००५ मध्ये गाठले. औषधोपचार सहा ते बारा महिन्यांचा आणि मोफत आहे. तरीही रुग्ण बोटे वाकल्यावर येतात, कारण न खाजणारा, न दुखणारा चट्टा कोणाला आजार वाटत नाही. मोजायचे ते नेमके हेच.

म्हणून सर्वेक्षकाने लक्षणांची यादी वाचून दाखवू नये, प्रसंग सांगावा. 'शेजारच्या वहिनींच्या पाठीवर फिकट चट्टा आहे, तिथे टोचले तरी कळत नाही. काय झाले असेल? त्यांनी कुठे जावे? त्यांच्या मुलीचे स्थळ तुमच्या घरी आले तर?' उत्तर सांगणाऱ्याच्याच शब्दांत उतरवावे, वर्गवारी मागाहून करावी. मात्र किती बरोबर उत्तरांना 'चांगली जाणीव' म्हणायचे, हे आकडे हाती येण्याआधीच ठरलेले हवे.

नमुन्यात सगळीकडे ३८४ हा आकडा दिसतो. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के त्रुटी आणि ५० टक्के प्रमाण धरून तो येतो, पण साध्या यादृच्छिक निवडीसाठी. आधी गावे निवडून मग त्यांतली घरे घेतली, तर एका गावातली उत्तरे बरीचशी सारखी निघतात. अभिकल्प परिणाम दोन धरला की ७६८ माणसे लागतात. ओपीडीच्या रांगेतले लोक म्हणजे जनता नव्हे. सकाळी अकराला दार वाजवले तर शेतावर, कारखान्यात गेलेले भेटतच नाहीत. संध्याकाळच्या दुसऱ्या फेरीचा खर्च आधीच धरावा.

मुलाखत संपता संपता कोणी बाही वर करून 'हे बघा जरा' म्हणेल. तेव्हा सर्वेक्षकाच्या पिशवीत प्राथमिक आरोग्य केंद्रासाठीची चिठ्ठी हवी, आणि ती शेजाऱ्यांच्या देखत देऊ नये. नैतिकता समितीकडे जाणाऱ्या प्रस्तावात याची एक ओळही नसणे आम्हाला मान्य नाही.

यापुढे लेखासोबत मराठी प्रश्नावली मूळ स्वरूपात जोडा, पूर्वचाचणीनंतर कोणते प्रश्न बदलले याच्या नोंदीसह. तिच्याविना आलेला लेख परीक्षकांकडे पाठवला जाणार नाही.