दगडी पाला आणि सोळा मणी

जुलैत आम्ही चौघं जव्हारला गेलो होतो. नेहमीप्रमाणे शुक्रवारी रात्री ठरलेला प्लॅन. दाभोसा धबधब्याच्या वाटेवर एका मित्राचा पाय शेवाळावरून सटकला आणि नडगीवर चांगलंच कापलं. आमच्याकडे चार मोबाइल, बँडेज शून्य! शेजारच्या खाचरात भातलावणी करणाऱ्या एका आजी आल्या, बांधावरचा दगडी पाला चुरगळून जखमेवर लावला आणि म्हणाल्या, "दाबून धर, सोडू नको." रक्त बऱ्यापैकी थांबलं. मग दवाखाना, टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन वगैरे.

घरी येऊन सवयीप्रमाणे वाचत बसलो, तर आरएडीए-१६ नावाचं प्रकरण सापडलं. हे एक छोटं पेप्टाइड, म्हणजे सोळा अमिनो आम्लांची माळ. चारच मण्यांचा नमुना चार वेळा: धन भार, तेलकट, ऋण भार, तेलकट. आम्लयुक्त पाण्यात ते पातळ राहतं. रक्तातल्या क्षारांशी गाठ पडली आणि आम्लता उतरली, की माळा आपोआप एकमेकींना चिकटतात, धागे होतात, धाग्यांची जाळी होते आणि जखमेवर जेली बसते. दूध आंबलं की दही लागतं ना, साधारण तसंच, फक्त आम्लाचा खेळ उलटा. कोणी हुकूम देत नाही, सगळा प्रोग्रॅम त्या सोळा मण्यांतच! आपल्या कोडला हे कधी जमणार? :)

एमआयटीत शुगुआंग झांग यांना यीस्टच्या एका प्रथिनात असा पुनरावृत्तीचा तुकडा दिसला, हे त्याच घराण्यातलं. २००६ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांत याने १५ सेकंदांच्या आत रक्त थांबवलं. आज ते प्युरास्टॅट नावाने एंडोस्कोपीत वापरतात.

आणि ते ठेवायचं कुठे? २ ते ८ अंशांत. म्हणजे फ्रिजमध्ये.

इथे माझं डोकं सटकतं. रक्ताला बरोब्बर ओळखणारा पदार्थ मोखाड्याच्या उन्हाळ्याला ओळखत नाही! कोणी म्हणेल, लसी पोचतातच की तिथे. पोचतात, आरोग्य केंद्रातल्या फ्रिजपर्यंत. पण विळा लागतो तो शेतात.

"माझ्या मशीनवर चालतं" म्हणणाऱ्या प्रोग्रॅमरला आपण हसतो. हे त्याहून वेगळं काय आहे? पेप्टाइडं कोरड्या भुकटीत जास्त टिकतात, हे तर माहीतच आहे. मग खिशात मावणारी पुडी आणि सोबत निर्जंतुक पाणी, हे उद्दिष्ट पहिल्या दिवसापासून का नको? अवघड असेल, महाग असेल, मान्य. पण जी अट स्पेकमध्ये लिहिलीच नाही ती नंतर आपोआप पूर्ण होत नाही, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना तरी सांगायला नको.

पाला हा काही उपाय नव्हे. टाके आणि इंजेक्शन लागलंच. पण तो बांधावर होता. स्मार्ट पदार्थाने निदान तिथपर्यंत तरी यावं. असो. या वीकेंडला सॅकमध्ये बँडेज टाका.