प्रवेश झाला, पुढे कोण?

दर जून-जुलैत वस्तीतल्या बायकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते, "ताई, पोरीचं ॲडमिशन झालं, सुटले बाई एकदाची." निगडीच्या ओटा स्कीममध्ये हे ऐकले आहे, चिखलीत ऐकले आहे, चाकणजवळच्या खराबवाडीतल्या भाड्याच्या खोल्यांमध्येही ऐकले आहे. बोलणारी आई चार घरची धुणीभांडी करणारी असते, किंवा एखाद्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जाणारी. कॉलेजचे फाटक ओलांडणारी तिच्या घरातली ही पहिलीच मुलगी. तिच्या आनंदावर विरजण घालू नये असे वाटते. पण या पट्ट्यात दहा वर्षे मुलींच्या शिक्षणाचे काम करताना माझे मत पक्के होत गेले आहे की खरी अडवणूक प्रवेशानंतर सुरू होते. माझ्या पाहण्यातल्या ज्या मुलींनी पहिल्या वर्षीच कॉलेज सोडले, त्यांतल्या बहुतेकींना अभ्यास झेपत नव्हता असे नाही. कुठला तरी कागद नव्हता, कुठली तरी तारीख उलटून गेली होती, आणि विचारायचे कुणाला हे ठाऊक नव्हते.

आता फीचा प्रश्न सुटला, असे कुणी म्हणेल. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. त्याआधी निम्मे माफ होते. निर्णय चांगला आहे, आणि त्याचे स्वागत करायला आपण कचरू नये. पण त्याच्या अटी वस्तीपर्यंत पोहोचत नाहीत. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या निर्णयातून वगळलेली आहेत. पुणे-पिंपरीच्या भोवती अशा विद्यापीठांचे फलक जागोजागी आहेत, आणि 'मुलींना शिक्षण मोफत' एवढेच ऐकलेले आईवडील त्या फलकाखाली उभे राहून हप्त्याचे गणित मांडताना मी पाहिले आहेत. शिवाय बसचा पास, पुस्तके, ड्रॉइंगचे सामान, खोलीचे भाडे यांतले काहीच माफ होत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, इतरांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. या दोन नावांपैकी एकही नाव ठाऊक नसलेल्या मुली मला दरवर्षी कॉलेजच्या व्हरांड्यात भेटतात. ज्या खिडकीपाशी ही माहिती मिळायची, तिथे 'दुपारी २ नंतर' अशी पाटी असते आणि दोन वाजता मुलीची बस असते.

अर्ज भरायचा तो महाडीबीटीच्या संकेतस्थळावर. घरात संगणक नाही, म्हणून सायबर कॅफे. तिथला मुलगा पैसे घेऊन पटापट रकाने भरतो, आणि मोबाइल नंबर विचारतो तेव्हा मुलगी वडिलांचा किंवा भावाचा नंबर सांगते, कारण फोन त्यांच्या हातात असतो. ओटीपी तिथे येतो. पुढे अर्जात त्रुटी निघून तो परत आला तर तो निरोपही तिथेच जातो. कधी भावाने कार्ड बदललेले असते, कधी वडील सेकंड शिफ्टला असतात. मुलीला पत्ता लागतो तो डिसेंबरात, ऑफिसातून "तुझा फॉर्म रिजेक्ट आहे, फी भर" असे सांगितले जाते तेव्हा. मालमत्ता कुणाच्या नावावर, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण, यावर आपण पुष्कळ बोललो, लढलो. आता मोबाइल नंबर कुणाचा हाही त्याच यादीतला प्रश्न आहे, आणि तो किरकोळ समजू नये.

दाखल्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांत जास्त मुली इथे अडतात. पिंपरी-चिंचवड हे बाहेरून आलेल्या माणसांचे शहर. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग भोसरी-आकुर्डीच्या कंपन्या आणि पुढे चाकण. बीड, लातूर, धाराशिव, नांदेड, सोलापूर या जिल्ह्यांतून कुटुंबे येत राहिली. त्यांच्या मुली इथे जन्मल्या, इथेच शाळेत गेल्या. पण जातीच्या दाखल्यासाठी कुटुंब विशिष्ट तारखेला कुठे राहत होते ते सिद्ध करावे लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबांचा, नाहीतर पणजोबांचा शाळेतला किंवा जमिनीचा उतारा शोधायचा. जो माणूस कधी शाळेत गेला नाही आणि ज्याच्या नावावर कधी जमीन नव्हती, त्याच्या नातीने हा कागद आणायचा कुठून? जी मागास आहे तिनेच मागासपणाचा लेखी पुरावा सर्वांत जुना द्यायचा, असा हा न्याय आहे.

त्यातही हे सगळे कागद बापाच्या बाजूचे लागतात. ज्या घरात बाप आहे, तिथे गावी एक फेरी मारून काम होते. पण ज्या बाईला नवऱ्याने टाकले आहे, तिच्या मुलीने काय करायचे? माझ्या माहितीतल्या एका मुलीला बारा वर्षे न पाहिलेल्या बापाकडे दाखल्यासाठी जावे लागले. दाखला द्यायला त्याने आईची पोटगीची केस मागे घेण्याची अट घातली. आईने केस मागे घेतली. मुलगी आज दुसऱ्या वर्षाला आहे. ही यशाची गोष्ट म्हणून कुठे सांगितली जाईल, तर मला ती तशी सांगता येत नाही.

आईचे नाव कागदावर यावे यासाठी स्त्री-चळवळीने दीर्घकाळ आग्रह धरला. १ मे २०२४ पासून शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव लिहिणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले. पण ते १ मे २०१४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. आज कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या मुली त्याआधी जन्मलेल्या आहेत. शिवाय नाव आले तरी जात बापाचीच धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, रमेशभाई नाईका यांच्या खटल्यात, आंतरजातीय विवाहातल्या अपत्याची जात केवळ वडिलांवरून ठरवून टाकता येणार नाही, मूल कुणाकडे व कोणत्या समाजात वाढले याचा पुरावा पाहावा लागेल, असे म्हटले आहे. हा निकाल हातात घेऊन तहसील कचेरीत उभे राहणारे कुणी हवे. अठरा वर्षांची मुलगी एकटी तिथे काय बोलणार?

कागदांतून वाट काढून मुलगी वर्गात पोहोचली, तरी कॉलेज तिच्यासाठी परका मुलूखच असतो. तिथली भाषा वेगळी. बोनाफाईड, सबमिशन, जर्नल, टर्म ग्रँट. २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण संलग्न कॉलेजांत आले, त्यामुळे मेजर, मायनर, क्रेडिट हे नवे शब्द. ज्यांच्या घरी कुणी शिकलेले आहे त्या मुलींना हे जेवता जेवता कळते. आमच्या मुली एकमेकींकडे बघत राहतात. 'एटीकेटी' या चार अक्षरांचे उदाहरण पुरेसे आहे. राहिलेले विषय पुढच्या वर्षात बसून सोडवता येतात, एवढाच त्याचा अर्थ. पण निकालपत्रावर ती अक्षरे पाहून आपण नापास झालो असे समजलेली आणि परत कॉलेजची पायरी न चढलेली मुलगी मला म्हाळुंग्यात भेटली होती, एका कंपनीच्या लाइनवर वायर हार्नेस बांधताना. तिला कुणी एका वाक्यात समजावले असते तर भागले असते. घरच्यांनी मात्र ताबडतोब अर्थ काढला होता, "शिकून काय झालं, लग्नाचं बघू."

यावर कॉलेजांचा तोडगा म्हणजे व्यक्तिमत्त्व विकासाची व्याख्याने आणि स्वसंरक्षणाचे वर्ग. त्यांना माझा विरोध नाही. मुली हसतात, मोकळ्या होतात, तेवढाच फायदा. पण ज्या मुलीला स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते हे विचारायचीही चोरी वाटते, तिला 'आत्मविश्वास बाळगा' असे माइकवरून सांगून काय उपयोग? आत्मविश्वास तिच्यात कमी आहे हे गृहीतच मला मान्य नाही. पहाटे पाचला उठून पाणी भरून, भावंडांचे डबे करून, दोन बस बदलून ती येते. कमी आहे ती माहिती, आणि ती कमी असण्यात तिचा दोष नाही.

तक्रार समितीचेही तेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. प्रकरणात विद्यार्थी असतील तर समितीवर तीन विद्यार्थी हवेत, आणि ते निवडून आलेले हवेत. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख अशा सत्तापदावरच्या माणसांना समितीवर बसता येत नाही. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. यातले किती नव्या मुलींना ठाऊक असते? फलक असतो, प्राचार्यांच्या दालनाबाहेर, जिथे उभे राहून वाचायची हिंमत पहिल्या वर्षाची मुलगी करणार नाही. आणि या समितीवर बाहेरची एक सदस्य लागते, स्वयंसेवी संस्थेतली. म्हणजे आपल्यातलीच कुणीतरी. मैत्रिणींनो, ज्या ज्या कॉलेजच्या समितीवर आपण आहोत, तिथे अहवालावर सही करण्यापूर्वी एवढे विचारू या की पहिल्या वर्षाच्या मुलींशी समितीची ओळख कोणत्या तारखेला करून दिली, आणि विद्यार्थी-सदस्यांची निवडणूक कधी झाली.

चाकणच्या बाजूला आणखी एक प्रकार आहे, ज्याला कॅम्पसच नाही. मुलगी कागदावर विद्यार्थिनी असते, डिप्लोम्याला नाव असते, आणि पूर्ण शिफ्ट लाइनवर काढते. 'शिका आणि कमवा' असे त्याला गोंडस नाव. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा अशा नोंदलेल्या उमेदवाराला कामगार मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो. त्यामुळे युनियन तिला आपली समजत नाही, आणि कॉलेज तर दिसतच नाही. ग्रंथालय, समुपदेशक, विद्यार्थी सवलत यांतले काही तिच्या वाट्याला येत नाही. पण एक गोष्ट तिला सांगायलाच हवी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दाच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार स्पष्टपणे धरलेले आहेत. कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तिला जाता येते. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या वर्कशॉपमध्ये असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. शिफ्टच्या बसथांब्यावर वाटायच्या पत्रकात हे दोन ओळींत बसते.

मग करायचे काय? माझे म्हणणे साधे आहे. नव्या मुलीला वाट दाखवण्याचे काम तिच्याच वस्तीतल्या, तिच्याच कॉलेजातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींनी करावे, आणि त्याचे त्यांना पैसे मिळावेत. पैशांवर मी जोर देते, कारण बायकांनी करायची मदत फुकट असते हे आपण घरात पुरेसे पाहिले आहे. सोयही तयार आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची 'कमवा व शिका' योजना आहे. कार्यालयात, ग्रंथालयात, बागेत काम करून विद्यार्थ्यांना तासाप्रमाणे मोबदला मिळतो. झाडांना पाणी घालणे हे काम धरले जाते, तर नव्या मुलीचा फॉर्म तिच्या स्वतःच्या नंबरवरून भरून घेणे, तिला खिडकीपर्यंत नेणे, परत आलेल्या अर्जांची यादी दर सोमवारी पाहणे हेही काम धरता येईल. एवढी मागणी घेऊन प्राचार्यांना भेटायला फार मोठा मोर्चा लागत नाही.

आपल्यातल्या काही जणींचा आक्षेप मला माहीत आहे. फॉर्म भरून देणे हे चळवळीचे काम का? आपण सेवा देणाऱ्या एजंट होऊन बसू, व्यवस्था आहे तशीच राहील. हा वाद जुना आहे, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण पोटगीच्या बदल्यात दाखला हा प्रकार मला कुठल्याही शिबिरात कळला नव्हता, तो फॉर्म भरताना कळला. अशा मुलींच्या नोंदी ठेवल्या, चार-पाच संघटनांनी मिळून एकत्र केल्या, तर आईच्या बाजूच्या पुराव्यावर दाखला मिळावा ही मागणी घेऊन सामाजिक न्याय विभागाकडे जाता येईल. त्या नोंदी आज कुणाकडेच नाहीत.

कासारवाडीला महापालिकेची मुलींची आयटीआय आहे, आकुर्डी-पिंपरी-भोसरीत कॉलेजे आहेत, चाकण-राजगुरुनगरकडे आहेत. यंदा प्रवेशाच्या आठवड्यांत प्रत्येक ठिकाणी फाटकाबाहेर एक टेबल, दोन मोठ्या वर्गातल्या मुली आणि एक वही एवढे जमवायचे आम्ही ठरवतो आहोत. वहीत पाच रकाने असतील: नाव, स्वतःचा मोबाइल आहे का, कोणता दाखला अडला, कुणाच्या कागदावाचून अडला, आणि दिवाळीनंतर कॉलेजला येते का. शेवटचा रकाना नोव्हेंबरात भरायचा आहे. ज्या संघटनांना यात यायचे आहे त्यांनी मेअखेरपर्यंत कळवावे, म्हणजे टेबले वाटून घेता येतील.