थंडावा संत्र्याला, भुर्दंड मात्र ड्रायव्हरला?

आंबिया बहाराची तोड सुरू झाली की पांढुर्णा आणि सौंसर भागात गाड्यांची वर्दळ वाढते. बराचसा संत्रा आजही उघड्या ट्रकमध्ये, वरून ताडपत्री बांधून जातो. लांबच्या बाजारासाठी मात्र रीफर, म्हणजे थंड पेटीची गाडी, परवडेल का याचा हिशेब व्यापारी करू लागले आहेत. या हिशेबात भाडं असतं, डिझेल असतं. माल खराब उतरला तर जबाबदार कोण, हा प्रश्न मात्र माल उतरवतानाच निघतो. आणि तेव्हा समोर उभा असतो तो ड्रायव्हर.

मुळात एक गैरसमज दूर व्हायला हवा. रीफर गाडी गरम माल थंड करण्यासाठी नसते, आधीच थंड केलेला माल थंड ठेवण्यासाठी असते. दुपारच्या उन्हात तोडलेला संत्रा तसाच क्रेटमध्ये भरून पेटीत रचला, तर बागेतली उष्णता गाडीतच बंद होते. फळ तोडल्यावरही श्वास घेतं आणि स्वतः उष्णता सोडतं. यंत्र रात्रभर चाललं तरी मधल्या क्रेटपर्यंत गारवा पोचत नाही. यात ड्रायव्हरची काय चूक? पण काट्यावर आकडा चढलेला दिसला की पहिला संशय येतो, ‘डिझेल वाचवायला यंत्र बंद केलं असेल.’

दुसरा मुद्दा माल रचण्याचा. हवा पुढच्या यंत्रातून निघते, छताखालून मागे जाते आणि जमिनीवरच्या खाचांमधून परत येते. म्हणून भिंतीवरच्या खुणेच्या वर क्रेट जाऊ नयेत, खाचा बुजू नयेत, दारापाशी फट राहावी. पण भाडं वसूल व्हावं म्हणून आणखी एक थर चढवायचा मोह होतोच. हमाल भरतात, व्यापारी घाई करतो, आणि दार लागल्यावर आत काय झालं ते ड्रायव्हरला दिसत नाही.

सौंसरहून छिंदवाड्याकडे निघालं की सिल्लेवानीचा घाट लागतो. तिथल्या वळणांवर न बांधलेले वरचे क्रेट सरकतात, हवेची वाट अडवतात, फळ चेपतं. अर्धा माल वाटेत उतरवला तर धोका आणखी वाढतो. रिकाम्या जागेत उरलेला माल हलतो. तो पुन्हा पट्ट्यांनी आवळायचा आणि आडवा दांडा लावायचा, हे काम ड्रायव्हर-क्लीनरच करतात. त्याचा वेळ कोणी मोजत नाही.

लहान गाड्यांमध्ये पुष्कळदा थंड करणारं यंत्र गाडीच्याच इंजिनवर चालतं. इंजिन बंद, तर गारवा बंद. म्हणजे ढाब्यावर दोन तास डोळा लावायचा तरी इंजिन चालू ठेवूनच. 1961 च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे 8 तास आणि आठवड्याचे 48 तास ठरवले होते, शिवाय सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा नव्या श्रमसंहितेत सामावला गेला. कागदावर तास आहेत. बाजाराच्या फाटकाबाहेर नंबर लागेपर्यंतची रात्र त्यात धरली जाते का, हे ज्याचं त्यानं आपल्या मालकाला विचारून पाहावं.

काही गोष्टी सुधारल्या, हेही खरं. मध्य प्रदेशने 1 जुलै 2024 पासून सीमेवरचे परिवहन तपासणी नाके बंद केले, त्यामुळे सातनूरसारख्या ठिकाणचा खोळंबा सुटला. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. पण जुन्या गाड्यांना हा नियम नाही. म्हणजे मागे संत्रा गारव्यात आणि पुढे माणूस मे महिन्याच्या विदर्भात, हे चित्र अजून बरीच वर्षं दिसेल.

मग उपाय काय? त्यासाठी नवा कायदा लागत नाही. 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार मालाच्या नुकसानीची जबाबदारी मुळात वाहतूकदारावर असते, पगारी ड्रायव्हरवर नव्हे. माल ताब्यात घेताना पावती देणंही त्याच कायद्यात आहे. आपण तिला बिल्टी म्हणतो. ताज्या फळांना ई-वे बिल लागत नाही. त्यामुळे बागेतून निघताना ही बिल्टीच खरा पुरावा ठरते. तिच्यावर चार ओळी वाढवा: भरताना फळाच्या आतलं तापमान किती, पेटी आधी थंड केली होती का, क्रेट किती थर, आणि भरणं कधी सुरू होऊन कधी संपलं. खाली माल देणाऱ्याची आणि ड्रायव्हरची सही. उतरवताना पुन्हा तेच. सुईचा तापमापक काही फार महाग नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यातच आला. जिल्हा संत्र्याच्या नावाने ओळखला जावा असं वाटत असेल, तर पॅक हाऊस आणि बाजार समित्यांनी येत्या हंगामाआधी अशी बिल्टी छापून घ्यावी, हिंदी आणि मराठी दोन्हींत. यात शेतकऱ्याचाही फायदा आहे. माल कुठे बिघडला हे कळलं, तरच पुढच्या खेपेला तो वाचवता येतो. ड्रायव्हरचा भत्ता कापून ते कधीच कळत नाही.