स्की शिकवायला किती स्की यावं लागतं?

मी स्कीइंग बेताचंच करते. खड्या उतारावर नेऊन सोडलंत तर देवाचं नाव घेत, आडवी-आडवी सरकत खाली येईन. तरीही ब्रिटनमधल्या ‘बासी’ या स्की-प्रशिक्षकांच्या संघटनेचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे, आणि शनिवारी मँचेस्टरच्या इनडोअर उतारावर मी नवशिक्यांना शिकवते. पुण्यातल्या नातेवाइकांना यात काहीतरी गफलत वाटते. मला ही पद्धत शहाणपणाची वाटते, आणि भारतात सोलंग, औली, गुलमर्गलाही ती यावी असं माझं म्हणणं आहे.

या प्रमाणपत्रासाठी लागतं ते एवढंच: पाच दिवसांचा कोर्स, प्रथमोपचार, मुलांच्या सुरक्षिततेचे धडे, आणि स्की स्कूलमध्ये अनुभवी प्रशिक्षकासोबत 35 तास. तुमचं स्कीइंग तपासतात, पण ते नवशिक्याला दाखवण्यापुरतं: सावकाश, स्वच्छ. सुसाट येणाऱ्या भल्याभल्यांची इथेच फजिती होते.

खरं शिक्षण त्या 35 तासांत. एक लहान मुलगा घाबरून मागे झुकत होता. मागे झुकलं की वजन टाचेवर जातं, स्कीची पुढची टोकं ऐकेनाशी होतात, वेग वाढतो, आणि पोर आणखी मागे झुकतं. मी समजावून सांगायला तोंड उघडणार, तोच सोबतची प्रशिक्षक त्याला म्हणाली, “बुटाच्या बकलांना गुदगुल्या कर बघू!” तो वाकला, नडगी बुटाच्या जिभेवर टेकली, स्की वळल्या. वजन, टाच, नडगी यांतलं अवाक्षरही त्याच्या कानावर पडलं नव्हतं.

या प्रमाणपत्रावर शिकवायचं ते इनडोअर किंवा कृत्रिम उतारावर, नवशिक्यांनाच. डोंगरावर न्यायचं तर पुढच्या पायऱ्या चढा. म्हणजे जेवढं येतं तेवढंच शिकवायची मुभा. मला पटतं ते हेच.

आपल्याकडे संस्था नाहीत असं नाही. मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था आणि गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था स्कीइंगचे कोर्स घेतात. सह्याद्रीत तयार झालेली आपली मुलंही तिकडे जातात. पण बेसिक, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स ही चढण मुख्यतः स्वतःच्या कौशल्याची. पर्यटकाचा पहिला तास मात्र अनेकदा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या पोराच्या हातात असतो. ते पोर बर्फातच वाढलेलं, माझ्यापेक्षा दसपट चांगलं स्की करणारं. पण नाशिकहून आलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघणाऱ्या काकूंना पडायचं कसं, उठायचं कसं, हे सांगायला त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. तो हात धरून ओढतो, व्हिडिओ काढतो, पुढचं गिऱ्हाईक घेतो. तीच गत साहित्याची: बूट स्कीला अडकवणारं बाइंडिंग वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि सराव पाहून लावायचं असतं. ते फार घट्ट असलं तर पडताना सुटत नाही, आणि दुखापत पायावर येते.

या मुलांसाठी हंगामाच्या तोंडावर छोटा कोर्स घ्या आणि फक्त नवशिक्यांच्या उतारापुरता परवाना द्या. ब्रिटनची एक गोष्ट मात्र उचलू नका: इथे कोर्स महाग, आणि ते 35 तास बहुधा बिनपगारी, त्यामुळे खिसा गरम असलेलेच या वाटेला येतात. सोलंगच्या पोराला हंगामातला एक दिवसही फुकट घालवणं परवडणार नाही. शिकतानाची त्याची रोजी संस्थेने किंवा पर्यटन खात्याने द्यावी. पर्यटकांकडून एवढी फी गोळा होते, त्यातून हे जमायला हरकत नाही.

तोवर या हिवाळ्यात मनालीला जाणाऱ्यांनी पैसे देण्याआधी शिकवणाऱ्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: बाइंडिंग कुणी लावलं, आणि पडल्यावर उठायचं कसं ते आधी दाखवणार का? उत्तराऐवजी त्याने फोटोसाठी मोबाइल मागितला, तर बूट परत करा.